सूर धरणाऱ्याच्या घरी तीन दिवस

चिपळूणला परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग, काय काय ऐकलंत?" मी सांगते, पहिले तीन दिवस काहीही ऐकलं नाही. लोकांना वाटतं बाई चेष्टा करतायत. एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. चेष्टेखोरपणाचा आरोप तिथं माझ्यावर कोणी केला नव्हता. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते आणि पुढच्या वेळी विचारणाऱ्याच्या हातात कागदच देते.

गाव नांदेड जिल्ह्यातलं, लोहा आणि कंधारच्या मधे, मोठा रस्ता सोडून आत शिरलेलं. नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी राहिले त्यांनी निघताना सांगितलं होतं, "लिवा ताई, पर गावाचं नाव नका घालू. घरची गोष्ट हाय." पौष महिन्यात तिथल्या खंडोबापुढे आसपासच्या तालुक्यांतले कलावंत जमतात. हलगीवाले, संबळवाले, भारूड म्हणणारे, वाघ्या-मुरळी, शाहीर. दोन दिवस वाजवणं-गाणं चालतं. त्या दोन दिवसांत जे ऐकलं ते फार सुंदर होतं, पण ते कुणीही लिहील. मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं.

जायचं ठरलं होतं मंदाबरोबर. मंदा तिकडच्याच मुरुडची, आमच्या किनाऱ्यावरच्या नव्हे, डी.एड.ला दोन वर्षं माझ्या खोलीत होती आणि तेव्हापासून दर पौषात फोन करून ये म्हणते. या वर्षी मी खरोखरच बॅग भरून मुरुडला पोचले, तर ही बया आदल्याच दिवशी न्हाणीत घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेली. मी परत निघायची भाषा केली तेव्हा भडकली. "माझा पाय मोडलाय, तुझा न्हाई. तू जा. तिथल्या गुरुजींना फोन केलाय मी." एक मुक्काम तिच्याकडे केला, तिच्या हातचं नव्हे तर सुनेच्या हातचं जेवले, आणि सकाळी एसटीत बसले.

गुरुवार

अहमदपूर मागे पडलं की जमीन काळी आणि सपाट होत जाते. आमच्याकडे नजर टाकली की दहा पावलांवर काहीतरी आडवं येतं. माड, फणस, डोंगर, नाहीतर शेजाऱ्याचा दगडी गडगा. इथं नजर सुटली की सुटलीच. तुरी काढून झालेल्या, शेताशेतात पेंढ्या उभ्या, मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे आणि पिवळी काटेरी करडई. पहिला तासभर मला त्या उघडेपणाची भीतीच वाटली. मग सवय झाली.

लोह्याला उतरल्यावर गुरुजी घ्यायला आले होते. हे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, उत्सवाची कमिटी यांच्याच हातात. पांढरा सदरा, हातात मोबाइल, बोलणं मोजकं. जीपमध्ये बसल्यावर जरा वेळाने म्हणाले, "ताई, पाहुण्यांना आमी घरोघरी ठेवतो. तुमच्यासारख्या बाईमाणसाला बरं पडंल असं एक घर हाय. पर दुखवट्याचं हाय. चालंल का?"

मी म्हटलं, मला काय अडचण, त्यांनाच पाहुणी चालणार असेल तर बघा.

"त्यांनीच मागून घेतलंय," गुरुजी म्हणाले. "घर लई सुनं पडलंय म्हनत्यात."

ते घर नागोरावांचं. नागोराव तीन महिन्यांपूर्वी, दसऱ्याच्या आधी वारले. चार एकर शेती करायचे आणि खंडोबापुढे सनई वाजवायचे. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी सुभद्राबाई आणि धाकटे भाऊ व्यंकटराव. एक मुलगा आहे, तो पुण्याकडे कारखान्यात; सनई त्याने कधी हातात धरली नाही. पुढे ओसरी, मागे दोन खोल्या, वर पत्रे, अंगणात एक म्हैस. सुभद्राबाई पन्नाशीच्या पुढच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या पायावर तांब्यानं पाणी घातलं, आणि मी ओसरीवर टेकते न टेकते तोच विचारलं, "ताई, तिकडं भाकरी खाता का भातच?" मी भाकरी म्हणाले तेव्हा चेहरा जरा सैल झाला.

संध्याकाळी गुरुजींनी देवळाकडे नेलं. देवळापुढच्या ओट्यावर लांबच लांब काळी घोंगडी अंथरली होती आणि तिच्याखाली काहीतरी रांगेने ठेवलेलं. बघता बघता एक हलगीवाला आला, खांद्यावरची हलगी उतरवली, घोंगडीचं टोक वर करून आत सरकवली, भंडारा लावला आणि हात जोडून बाजूला झाला. मग एक संबळवाला आला. त्याने तेच केलं.

गुरुजींनी सांगितलं, उत्सवाला जो कलावंत येतो तो गावात शिरला की आधी वाद्य इथं ठेवतो. रविवारी सूर्य उगवताना याच ओट्यावर सनई वाजते. ती चाल संपली की घोंगडी काढायची आणि मग ज्याने त्याने आपापलं वाद्य उचलायचं. तोवर गावात चामड्यावर बोट पडत नाही की तारेला नख लागत नाही.

"आणि सराव?" मी विचारलं. शाळेतली सवय, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सराव नाही म्हटलं तर माझं डोकं फिरायचं.

गुरुजींनी पलीकडे बोट केलं. लिंबाच्या झाडाखाली सहा हलगीवाले गोल बसून स्वतःच्या मांड्यांवर वाजवत होते. तोंडाने बोल, हाताने मांडी. मधेच एक जण चुकला तर बाकीच्यांनी थांबून त्याच्याकडे बघितलं, तो ओशाळला, पुन्हा सुरुवात. आमच्याकडे शिमग्यात ढोल चार दिवस आधीपासून घुमायला लागतो. इथं एवढी माणसं वाजवायला आली होती आणि गावात म्हशींच्या गळ्यातली घाटी ऐकू येत होती.

"या साली सनई कोण वाजवणार?" मी विचारलं.

गुरुजींनी घोंगडीचं वर राहिलेलं टोक खाली सारखं केलं. मग म्हणाले, "तेच तर ठरून नाही राहिलं."

शुक्रवार

सकाळी चुलीपुढे बसले. सुभद्राबाई भाकऱ्या थापत होत्या, मी अंबाडीची भाजी निवडत होते. ज्वारीची भाकरी, अंबाडी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी. मला वाटलं होतं यांचं तिखट आपल्याला झेपणार नाही. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्याला मी आणखी चटणी मागितली. तेवढ्यात शेजारच्या चंद्रकलाबाई झाकलेलं ताट घेऊन आल्या. पुरणपोळ्या होत्या. माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "यांच्या घरी वरीसभर गोड करायचं न्हाई. येळवशीला बी शेतात कोप केली न्हाई यांनी. पर पाहुण्याला का म्हनून उपाशी ठेवायचं?" येळवस म्हणजे तिकडची वेळ अमावस्या; शेतात कडब्याची कोप उभारून पूजा करायची आणि तिथंच सगळ्यांनी जेवायचं.

उपाशी कुठली, मी पोटाला तडस लागेपर्यंत जेवले होते. तरी एक पोळी खाल्ली. सुभद्राबाईंनी बघितलंसुद्धा नाही तिकडे. तुम्ही रविवारी देवळात येणार ना, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "न्हाई. वरीस व्हायचं हाय. असल्या कामाला आमी इधवा बाया पुढं जात न्हाई." आमच्याकडेही आता आतापर्यंत असंच होतं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. तसं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे बघून मिटलं.

दुपारी व्यंकटराव मला शेतावर घेऊन गेले. एकसष्ट वर्षांचा माणूस, भावाहून सहा वर्षांनी लहान. लग्न केलेलं नाही. गालाची कातडी दोन्ही बाजूंनी सैल लोंबलेली. मला वाटलं दात गेले असतील. त्यांनी बांधालगत खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या, ज्वारीची कोवळी कणसं भाजली, गरम गरम कणीस तळहातांत चोळून हुरडा माझ्यापुढच्या फडक्यावर टाकला आणि स्वतः मात्र खाल्ला नाही.

मी सरळ विचारलं, "सनई तुम्हीच का नाही वाजवत?"

"मी सनईवाला न्हाई, ताई. मी सूर धरतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सनईला दोन माणसं लागतात. एकजण चाल वाजवतो. दुसऱ्याकडे तशीच नळी असते, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच सूर निघतो आणि तो एकसारखा धरून ठेवायचा. श्वास घ्यायला थांबायचं नाही. गालांत हवा भरून ठेवायची आणि ती तोंडातून जात असताना नाकानं नवी घ्यायची. बेचाळीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं. गालाचं कारण मला तेव्हा कळलं.

"पण इतकी वर्षं शेजारी बसून ऐकलीत. चाल तर पाठ असेलच."

"हाव. पाठ हाय की. झोपेत बी येती." त्यांनी हात पुढे केला. शेतकऱ्याची जाड, फाटलेली बोटं. "पर बोटाला मालूम न्हाई. दादा गेल्यावर येकदा त्याची सनई घेतली हातात. काय बी निघंना. म्हशीच्या रेडकागत आवाज. वहिनी घरात होती. पुन्हा न्हाई घेतली."

"मग नुसता सूर धरा."

"नुसता सूर म्हंजी काय ताई? दार उघडं अन् घरात मानूस न्हाई." ते बराच वेळ गोवऱ्या खालीवर करत राहिले. "कमिटीनं तालुक्याच्या बँडवाल्यांना सांगून ठेवलंय. मी बसलो न्हाई तर ते वाजवतेन. सनई त्यांच्या त्या पेटीतून निघती म्हनं, बटन दाबलं की. येकदा मान दुसऱ्याकडं गेला की गेला. आमच्या आज्यापासून हाय हे. दादाला जाऊन वरीस बी न्हाई झालं अन् माझ्या हातानं जायचं." त्यांनी गोवऱ्यांवर राख ओढली. "गुरुजीला उद्यापतुर सांगायचं हाय मला."

परतताना मी त्यांच्या मागून चालत होते आणि डोक्यात चक्रं फिरत होती. मला ही खोडच आहे. कुणाचं काही अडलं की मला गप्प बसवत नाही. शाळेत पावसाने छप्पर उडालं तेव्हा दोन दिवसांत वर्ग देवळात भरवले होते मी. इथंही काहीतरी मार्ग निघायलाच हवा, असं मला वाटत होतं, आणि तो मलाच सापडेल याबद्दल फारशी शंका नव्हती.

शनिवार

तो सापडला, आणि अगदी सहज. सकाळी गुरुजींकडे चहाला गेले असताना त्यांनी मोबाइलवर काही जुने फोटो दाखवले आणि दाखवता दाखवता म्हणाले, गेल्या साली हैदराबादेत नोकरी करणाऱ्या गावच्या एका पोरानं सनईचं चित्रण केलं होतं, तेही यातच आहे.

"दाखवा," मी म्हटलं.

ओट्यावर दोन भाऊ. उजवीकडे फेट्यातले नागोराव, डावीकडे डोळे मिटलेले व्यंकटराव. आधी नुसता सूर आला, मग त्याच्यावर सनईची चाल चढली. मोबाइलच्या एवढ्याशा डबीतूनही ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आवाज स्वच्छ होता. दोनेक मिनिटं ऐकली आणि मी बंद करून टाकलं, कारण मला बोलायची घाई झाली होती.

"गुरुजी, हे कर्ण्यावर लावा. व्यंकटराव शेजारी बसून सूर धरतील. चाल नागोरावांचीच, सूर व्यंकटरावांचा. मान घरात राहील आणि बँडवाल्यांची गरज नाही."

गुरुजी विचारात पडले. "म्हंजी मेलेल्या मानसाचं..."

"माणूस गेला, वाजवणं कुठं गेलंय? इथं तर आहे," मी मोबाइलवर बोट आपटून म्हणाले. हे वाक्य त्या वेळी मला फार चांगलं वाटलं होतं. आज ते लिहितानासुद्धा लाज वाटते.

दुपारी देवळापाठच्या शेडमध्ये कमिटी बसली. गुरुजींनी माझं नाव घेऊन सुचवलं. दोघातिघांनी नाकं मुरडली, पण बाहेरगावच्या शिकलेल्या बाईचा सल्ला म्हणून कुणी फार विरोध केला नाही. व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात माझा गेल्या सालचा सूर बी असंल न्हवं?" असेल, गुरुजी म्हणाले. "मंग मी कशाला?" मी पुढे होऊन म्हणाले की तुम्ही ओट्यावर बसलात तरच तो तुमचा मान, नाहीतर नुसतं रेकॉर्ड. ते उठले. "बरं," म्हणाले. "पाहुण्या मानसाचा सबूद हाय. बसतो."

घरी येऊन मी उत्साहाने सुभद्राबाईंना सांगितलं. त्या संध्याकाळच्या भाकऱ्या करत होत्या. हात थांबला नाही.

"त्यात ते दिसतेत का?" त्यांनी विचारलं.

"दिसतात. पण उद्या नुसता आवाज लावणार. तुम्हाला बघायचं असेल तर गुरुजींकडून आणते मोबाइल."

"नगं."

भाकरी तव्यावर टाकून त्यांनी वरून पाण्याचा हात फिरवला. मला अपेक्षा होती की त्या काही तरी बोलतील. आभार नाही तर निदान बरं झालं असं. त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू. जेवताना व्यंकटराव दोन घास खाऊन उठले.

रविवार

उजाडायच्या आधी अंगणात आले तर थंडीने दात वाजत होते. आमच्याकडे असली कोरडी, हाडांत शिरणारी थंडी नसते. व्यंकटराव आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पांढरा फेटा बांधून तयार होते. नळी त्यांनी धोतराच्या सोग्यात धरली होती. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या.  मी "येते हं" म्हटलं, त्यांनी मान हलवली.

देवळापुढे अख्खं गाव आणि बाहेरची दीडदोनशे कलावंत मंडळी. तरी आवाज नव्हता. घोंगडीवर दव पडून ती जड झाली होती. एका बाजूला शेकोटी पेटलेली, हलगी तापवायला. बँडवाले चौघे, लाल कोटात, मागे उभे होते; अडलं तर म्हणून त्यांना बोलावून ठेवलं होतं. व्यंकटराव ओट्यावर आपल्या नेहमीच्या जागी, डावीकडे, बसले. उजवीकडची जागा मोकळी. तिथं कुणीतरी नागोरावांचा फेटा ठेवला होता. मी बायकांच्यात चंद्रकलाबाईंच्या शेजारी बसले.

पूर्वेला तांबडं फुटलं तसं व्यंकटरावांनी डोळे मिटले आणि सूर धरला. आधी जरा खरखरीत, मग एकदम सरळ. त्या मोकळ्या माळावर तो आवाज फार लांब गेला असणार. गुरुजींनी मोबाइलवर बोट ठेवलं आणि वरच्या कर्ण्यातून नागोराव वाजवायला लागले.

मी खरं सांगते, ते चांगलं वाटलं. माझ्या आजूबाजूच्या बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. चाल हळूहळू वर चढत गेली, एकेका पायरीवर थांबत, खाली बघत, पुन्हा वर. दोन्ही सूर, गेल्या सालचा आणि आजचा, एकमेकांत मिसळून गेले होते. सूर्याची कड दिसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि चाल तुटली. अगदी वर, एका लांबवलेल्या स्वराच्या मधेच, कर्ण्यातून टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही.

गुरुजी मोबाइल दाबत होते. पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. ते पोरगं तिथंच चित्रण थांबवून मोकळं झालं होतं, आणि मी दोन मिनिटं ऐकून शेवट बघायचा कंटाळा केला होता. त्यापुढे काही नव्हतंच.

पण व्यंकटराव थांबले नाहीत. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, सूर सरळ.

"थांबत का नाहीत?" मी चंद्रकलाबाईंना विचारलं.

"कसे थांबतील?" त्या कुजबुजल्या. "चाल खाली यायची हाय अजून. शेवटचा फेरा राहिला. तो झाला की हे डोळे उघडून बघायचे, नागोरावभाऊ मान हलवायचे, मंग हे सोडायचे. सूर आपल्या मनानं सोडायचा न्हाई. कवाच सोडला न्हाई यांनी."

मी उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मान हलवायला तिथं नुसता फेटा होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. चाल पूर्ण झाल्याशिवाय घोंगडी काढता येत नाही, आणि सूर चालू असताना त्या माणसाला हात लावायची कुणाची हिंमत नाही. गुरुजी दोन पावलं पुढे गेले आणि मागे आले. बँडवाल्यांतला एकजण पेटीजवळ वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. व्यंकटरावांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या होत्या, चेहरा काळानिळा पडायला लागला होता, सूर आता मधे मधे थरथरत होता, पण तुटत नव्हता. एकसष्ट वर्षांचा माणूस. मला वाटलं, हा इथंच आडवा होणार आणि ते माझ्यामुळे होणार.  आयुष्यात इतकी लाज आणि इतकी भीती मला एकदम कधी वाटली नव्हती.

मागच्या बाजूला गर्दी हलली. सुभद्राबाई येत होत्या. डोक्यावरून पदर, पायांत काही नाही, हाताला भाकरीचं पीठ तसंच. घर देवळापासून लांब नाही. सूर त्यांना तिथं ऐकू येत असणार आणि चाल तुटलेलीही. वाटेत कोणी अडवलं नाही. त्या ओट्यावर चढल्या, फेटा उचलून बाजूला ठेवला आणि नवऱ्याच्या जागी बसल्या.

लगेच काही केलं नाही त्यांनी. नुसत्या बसल्या, व्यंकटरावांकडे तोंड करून. ओठ मिटलेले होते, पण मान किंचित, अगदी किंचित खालीवर होत होती. चंद्रकलाबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "शेवटचा फेरा घेऊन राहिली ती," त्या म्हणाल्या. "भाऊ वाजवायचे ते रोज पहाटं ऐकायची न्हवं घरात." मी आजूबाजूला बघितलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्याही माना तशाच हलत होत्या. सगळे तीच चाल ऐकत होते. मला तेवढा एकच सूर ऐकू येत होता.

मग सुभद्राबाईंनी व्यंकटरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भावजी, सोडा आता. झालं त्यांचं."

व्यंकटरावांनी डोळे उघडले. समोर भावाऐवजी वहिनी बघून ते दचकले असावेत. नळी ओठांतून निघाली नाही.

"शेवटचा फेरा आला," त्या म्हणाल्या. "मी ऐकला. सोडा."

त्यांनी सूर सोडला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.  गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"पुढल्या साली काय करायचं, वहिनी?" एवढंच विचारलं त्यांनी, सगळ्या गावादेखत, लहान पोरासारखं.

"तुमी सूर धरा," सुभद्राबाई म्हणाल्या. "कवा सोडायचा ते मी सांगीन."

गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी मोबाइल खिशात घातला, खाली वाकून घोंगडीचं टोक धरलं आणि ओढलं.